हाडाने आपला मानलेला धातू

दाताच्या इम्प्लांटचा एक्स-रे कधी हातात आला, तर तो लगेच पाकिटात सरकवू नका. उजेडासमोर धरून नीट पाहा. शेजारच्या दातांची मुळं करड्या रंगात, खाली निमुळती होत गेलेली दिसतात आणि प्रत्येक मुळाभोवती एक बारीक काळी रेघ असते. मधेच पांढराशुभ्र, आटे पाडलेला स्क्रू उभा असतो. त्याच्याभोवती मात्र ती काळी रेघ नसते. हाड थेट आट्यांच्या खाचांपर्यंत येऊन भिडलेलं असतं. इम्प्लांटचं यश आणि त्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या नसलेल्या काळ्या रेघेपाशी येऊन पोचतात. म्हणून आधी ती रेघ समजून घेऊ.

आपला दात जबड्यात ठोकून बसवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मधे साधारण 0.2 मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीत हजारो तंतू ताणलेले असतात. दात त्या तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. घास चावला की तो 25 ते 100 मायक्रॉन खाली जातो आणि परत वर येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या फटीत रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात आणि विलक्षण तल्लख मज्जातंतूही असतात. पोळीत बारीकसा कच आला की घास तिथल्या तिथे थांबतो, तो या मज्जातंतूंमुळे. दोन दातांमधे धरलेली 20 मायक्रॉन जाडीची पट्टीसुद्धा त्यांना कळते. एक्स-रेला हे काहीच दिसत नाही, दिसते ती फक्त काळी रेघ.

इम्प्लांट बसवताना डॉक्टर हाडात भोक पाडून त्यात टायटॅनियमचा स्क्रू फिरवतात. शरीराने खरं तर याला कडाडून विरोध करायला हवा. बोटात काटा मोडला तर आपलं शरीर त्याच्याभोवती पू करतं, नाहीतर त्याला जाड पडद्यात गुंडाळून बाजूला टाकतं. टायटॅनियमच्या बाबतीत हाडाच्या पेशी यातलं काहीच करत नाहीत. त्या धातूच्या पृष्ठभागावर चढतात, तिथे घर करतात आणि त्याला चिकटून नवं हाड घालायला लागतात.

हे माणसाच्या लक्षात आलं तेही दुसऱ्याच कामात. 1952 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून, जिवंत हाडातलं रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाडाने ती धरून ठेवली होती. दुसऱ्या कुणी ती तोडून फेकली असती आणि पुढच्या सशाकडे वळला असता. ब्रोनमार्क त्या अडकलेल्या नळीच्या मागे लागले, ते जन्मभर. 1965 मध्ये गोथेनबर्गमध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार इम्प्लांट बसवले. लार्सन यांच्या जबड्यात जन्मापासून दोष होता, दात नव्हते, कवळी टिकत नव्हती. 2006 मध्ये ते वारले, तेव्हाही ते इम्प्लांट कामाचे होते. चाळीस वर्षं! तरीही जगभरच्या दंतवैद्यांना हे पटायला 1982 ची टोरंटोची परिषद उजाडावी लागली.

हाडाला टायटॅनियम का चालतं, याचं उत्तर धातूच्या कातडीत आहे. टायटॅनियम उघड्यावर आलं की क्षणार्धात त्याच्यावर ऑक्साइडचा थर धरतो. हा थर काही नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा लगेच भरून येतो. हाडाची भेट होते ती धातूशी नव्हे, या थराशी. दिल्लीत राहणाऱ्यांना याचं मोठं भावंड रोज पाहता येतं. मेहरौलीला कुतुब मिनारच्या आवारातला 7 मीटरहून लांब लोहस्तंभ सोळाशे वर्षं उन्हापाऊस सोसत आला आहे. फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेल्या त्या लोखंडावर लोह-फॉस्फेटचा एक थर तयार झाला आणि त्यानेच स्तंभ राखला, असं आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिलं. तो थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा आहे. टायटॅनियमवरचा थर त्याच्या हजारो पटींनी पातळ, तरी तोंडातल्या लाळेत, आमटीच्या आंबटात आणि चहाच्या वाफेत तो धातूला अख्खं आयुष्य जपतो. आणि टायटॅनियम फार दूरचंही नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंड-नेवऱ्याकडे, वाळूत जे काळे पट्टे दिसतात त्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज.

दिल्लीचं या धातूशी आणखी एक नातं आहे, आणि त्याबद्दल जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही. इम्प्लांट भारतात बराच काळ बाहेरून येत आणि म्हणून महाग पडत. ते इथेच बनावेत म्हणून दिल्ली गेटजवळच्या मौलाना आझाद दंत विज्ञान संस्थेत डॉ. महेश वर्मा आणि आयआयटी दिल्लीत प्रा. नरेश भटनागर यांनी मिळून देशी इम्प्लांटवर काम केलं. सीएसआयआरच्या एका योजनेतून त्याला पैसा मिळाला. एका बाजूला रुग्णांच्या तोंडात वर्षानुवर्षं काम केलेला दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला यंत्रशास्त्राचा प्राध्यापक. आट्यांचा कोन, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, स्क्रूचा ताण हे सगळं अशा दोघांनी एका टेबलाशी बसूनच ठरवायचं असतं. कारण इम्प्लांट एकाच वेळी शरीराचा भाग आहे आणि यंत्राचाही. त्याच्या तक्रारी याच दोन्ही अंगांनी येतात.

तक्रार नेमकी काय आहे हे ओळखताना मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो एक प्रश्न: ती केव्हा सुरू झाली?

पहिल्या काही तासांतली सगळ्यात गंभीर तक्रार म्हणजे बधिरपणा न उतरणं. खालच्या जबड्याच्या आतून एक मोठा मज्जातंतू जातो, खालचा ओठ आणि हनुवटी त्याच्यामुळे जाणवतात. इम्प्लांट आणि या मज्जातंतूत किमान 2 मिलिमीटरचं अंतर राखायचं असतं. त्यासाठीच आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढतात. इंजेक्शनचा असर ओसरायची वेळ होऊन गेली आणि ओठ तरी लाकडासारखा वाटतोय, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. स्क्रू मज्जातंतूवर दाबत असेल तर तो थोडा वर घेणं किंवा काढणं हे पहिल्या दीड दिवसात केलं तर संवेदना परत येण्याची आशा जास्त असते. सूज, थोडं दुखणं, गालावर निळसर डाग हे मात्र दोन-चार दिवस होणारच.

पहिल्या काही आठवड्यांत इम्प्लांट सैल झाला, तर हाडाने त्याला धरलंच नाही, असा त्याचा अर्थ. यामागची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतो तो आट्यांच्या पकडीमुळे, निव्वळ यांत्रिक. मग शरीर त्या दाबलेल्या, दुखावलेल्या हाडाची साफसफाई सुरू करतं आणि ही पकड कमी होत जाते. नवं हाड तोवर पुरतं तयार झालेलं नसतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला इम्प्लांट बसवला त्या दिवसापेक्षाही कच्चा असतो. रुग्णाला मात्र तेव्हा काही दुखत नसतं, जखम भरलेली असते आणि शेंगदाणे खावेसे वाटतात! या काळात इम्प्लांट 100-150 मायक्रॉनहून जास्त हलत राहिला तर हाडाच्या पेशी हार मानतात आणि तिथे मऊ तंतू भरतात. एक्स-रेत मग ती काळी रेघ उमटते. दाताभोवती ती निरोगीपणाची खूण, इम्प्लांटभोवती अपयशाची.

हाडाने इम्प्लांट न धरण्याचं दुसरं कारण उष्णता. भोक पाडताना हाड 47 अंशांवर मिनिटभर राहिलं तरी ते मरतं, हे 1983 मध्ये स्वीडनमधल्याच संशोधकांनी दाखवलं. म्हणून ड्रिलवर सलाइनच्या पाण्याची धार सोडलेली असते आणि डॉक्टर मधे मधे थांबतात. त्या थांबण्याने कंटाळू नये.

या टप्प्यावर सैल झालेला इम्प्लांट वाचवायचा आग्रह धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो बोटाने फिरतोय म्हणजे संपलं. काढून टाकला की हाड बहुधा भरून येतं आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करता येतो. ठेवून दिला तर तो सोबत आणखी हाड घेऊन जातो.

पण हलतंय ते नेहमी इम्प्लांटच असतं असं नाही, आणि इथे फार लोक उगाच घाबरतात. नोएडात राहणाऱ्या माझ्या मावशीची खालची दाढ बसवून काही वर्षं झाली होती. एक दिवस जेवताना ती दाढ जिभेला हललेली लागली. तिने मनात धरलं की आता सगळं उपटून काढणार. मी तिच्याबरोबर गेलो. तिने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर साहब, हिल रहा है, निकालना पड़ेगा क्या?" तरुण डेंटिस्टने आरशाने पाहिलं, एक छोटा एक्स-रे काढला आणि म्हणाली, "आंटी, इम्प्लांट पक्का है. स्क्रू ढीला है." मग दाढेच्या माथ्यावरचं दाताच्या रंगाचं बूच कोरून काढलं. खालून टेफ्लॉनच्या फितीचा एक चुरगळलेला बोळा निघाला आणि त्याच्या तळाशी चकाकणारं स्क्रूचं डोकं, जेमतेम दोन मिलिमीटरचं. मावशीला तो आरशात दाखवला, तर ती बराच वेळ नुसती बघत राहिली. इतकी वर्षं आपण याच्यावर भाकरी चावतोय हे तिला खरंच वाटेना.

वरची दाढ हाडातल्या इम्प्लांटशी जोडणारा हा छोटा स्क्रू धरतो कसा, हेही पाहण्यासारखं आहे. तो घट्ट करताना नुसता फिरत नाही, काही मायक्रॉन लांब ताणला जातो. ताणलेला धातू परत आखडायला बघतो आणि त्या ओढीने वरचा भाग खालच्या भागावर दाबून बसतो. त्यासाठी नेमका जोर लावावा लागतो, बऱ्याच पद्धतींत 30 ते 35 न्यूटन-सेंटिमीटर, म्हणून मोजपट्टी असलेला पाना वापरतात. कमी पडला तर स्क्रू सुटतो, जास्त झाला तर तुटतो. मावशीच्या डॉक्टरने घट्ट केला, दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा केला, कारण पहिल्या दाबाने पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे बसतात आणि ताण थोडा उतरतो. मग चाव तपासला. दाढ समोरच्या दातावर किंचित जास्त लागत होती, ती घासली. काम झालं.

स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर मात्र कारण शोधायलाच हवं. बहुधा दोन कारणं निघतात: चाव चुकलाय, किंवा माणूस झोपेत दात खातोय. दात खाणाऱ्याला आपण ते करतो हे ठाऊकच नसतं, आणि इम्प्लांटला झोळी नसल्यामुळे तो जेमतेम 3 ते 5 मायक्रॉन दबतो. सगळा भार थेट स्क्रूवर आणि हाडावर. रात्री घालायचा नाइट गार्ड इथे खरोखर उपयोगी पडतो.

आता सगळ्यात कपटी तक्रारीकडे येतो. ती वर्षांनी येते, दुखत नाही आणि हिरडीपाशी सुरू होते.

हाडाने टायटॅनियमला आपलं मानलं, हिरडीने मात्र अर्धवटच मानलं आहे. खऱ्या दाताच्या मुळावर हिरडीचे तंतू आडवे शिरून घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटच्या मानेवर रुतायला जागाच नसते. तंतू तिच्याभोवती आणि तिला समांतर असे नुसते टेकलेले असतात. तोंडात जिवाणूंच्या 700 हून अधिक जाती सापडल्या आहेत, आणि त्या सगळ्यांपासून हाडाला राखणारी भिंत ही अशी. खाली त्या तंतूंच्या फटीतून येणारा रक्तपुरवठाही नाही. इतका कच्चा बांध लाखो माणसांच्या तोंडात वर्षानुवर्षं टिकतो, हेच खरं नवल आहे.

बांध फुटतो तेव्हा आधी फक्त हिरडी सुजते. ब्रश लागला की रक्त येतं. या अवस्थेला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात आणि ती पूर्ण बरी होऊ शकते. दुर्लक्ष झालं की हाड झिजू लागतं, तिला पेरी-इम्प्लांटायटिस म्हणतात, आणि गेलेलं हाड आपणहून परत येत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात इम्प्लांट असलेल्या लोकांपैकी सरासरी 43 टक्क्यांना पहिली आणि 22 टक्क्यांना दुसरी अवस्था आढळली. दहा वर्षांनी शंभरातले पंचाण्णवच्या आसपास इम्प्लांट जागेवर असतात, हेही तितकंच खरं. दोन्ही आकडे एकदम खरे असू शकतात, कारण इम्प्लांट आजारी असूनही बरीच वर्षं उभा राहतो.

म्हणून दुखण्याची वाट पाहायची नाही. धोका कळवणारे मज्जातंतू दाताबरोबरच गेले आहेत. इम्प्लांटभोवती रक्त येणं, पू येणं, तोंडाला वेगळाच वास किंवा चव येणं, हिरडी खाली सरकून धातू दिसणं यातलं काहीही आठवडाभर टिकलं तर दाखवावं. डॉक्टर बोथट सळईने हिरडीची खोली मोजतात आणि नवा एक्स-रे जुन्याशी ताडून पाहतात. जुना एक्स-रे, म्हणजे कॅप (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) बसवल्यादिवशीचा, इथे सोन्याच्या मोलाचा. पहिल्या वर्षात मानेभोवतीचं हाड मिलिमीटर-दीड मिलिमीटर बसतंच, ते आजाराचं लक्षण नाही. त्यानंतर किती गेलं हे जुन्या चित्राशिवाय सांगता येत नाही.

उपचार पायरीपायरीने होतात. आधी कारण: कॅप चिकटवताना हिरडीखाली सिमेंटचा कण राहिलाय का, कॅपचा आकार ब्रश पोचू न देणारा आहे का. सिमेंट काढलं आणि हिरडी शांत झाली, असं पुष्कळदा होतं. मग इम्प्लांट साफ करणं, बारीक पावडरच्या झोताने किंवा त्यासाठीच्या खास अवजारांनी. नेहमीच्या पोलादी अवजाराने टायटॅनियमवर ओरखडे पडतात. त्याने भागलं नाही तर हिरडी उघडून आटे स्वच्छ करतात आणि खड्ड्याचा आकार योग्य असेल तर त्यात कृत्रिम हाड भरतात. आट्यांच्या खाचेतून जिवाणू पूर्ण काढणं कुणालाच सोपं जात नाही, म्हणून नुसत्या गोळ्या-औषधांवर हा आजार जाईल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आणि घरी रोज करायचं काम यातल्या कुठल्याही शस्त्रक्रियेइतकंच मोठं आहे: इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी छोटा इंटरडेंटल ब्रश. तंबाखू, सिगारेट, मशेरी सुटली आणि साखर ताब्यात राहिली तर ही लढाई बरीचशी जिंकलेली असते. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील, तर कुठलाही उपाय ठरवण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं.

दिल्लीच्या परिसरात याला एक वेगळीच अडचण जोडली जाते. इथे माणसं बदलीवर येतात आणि जातात. इम्प्लांट गुरुग्रामला बसवला, बदली पुण्याला झाली, आणि स्क्रू सुटला नागपूरला. जगात इम्प्लांटच्या शेकडो कंपन्या आहेत, प्रत्येकीचा स्क्रू वेगळा, पान्याचं तोंड वेगळं. नागपूरच्या डॉक्टरकडे तोच पाना नसेल तर दहा मिनिटांचं काम दोन महिन्यांवर जातं. इम्प्लांटच्या डबीवर एक चिकटपट्टी असते: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर. ती मागून घ्यायची आणि आधार कार्डासारखी जपायची, फोनमध्ये फोटो काढून. आधीच राहून गेलं असेल तर आजही त्या दवाखान्यात जाऊन मागता येते.

दुसरं मत हवं असेल तर दिल्लीत एम्सचं दंत शिक्षण व संशोधन केंद्र आहे, मौलाना आझाद संस्था आहे. गर्दी असते, वेळ जातो, पण तिथे तुटक्या-फुटक्या कामांची सवय असलेले हात आहेत. आणि हलगर्जीपणाच झाला असं वाटत असेल, तर पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलेलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. दवाखाना गुरुग्रामला, घर नोएडात आणि नोकरी दिल्लीत असणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं आहे. मात्र इम्प्लांट फेल झाला म्हणजे चूक झालीच, असं न्यायालय मानत नाही. स्कॅन न काढणं, धोके न सांगणं, तक्रार सांगूनही न पाहणं हे दाखवावं लागतं. म्हणून कागद, बिलं आणि एक्स-रे आधी गोळा करावेत, भांडण नंतर.

आणि शेवटी काढायचाच झाला तर? आजारी इम्प्लांटचं तीन चतुर्थांश हाड गेलेलं असतं, तरी तळाशी उरलेल्या तीन-चार मिलिमीटर हाडाने तो इतका आवळून धरलेला असतो की पकडीने ओढून येत नाही. डॉक्टर उलट्या दिशेने फिरवणारा पाना लावतात आणि बसवताना लागला होता त्याच्या कितीतरी पट जोर देतात. मग एक क्षण येतो, बारीकसा 'कट्' असा आवाज होतो आणि हाडाचा तो सांधा सुटतो. त्यानेही नाही सुटला तर भोवतीचं हाड गोल कापून काढावं लागतं. मागे राहिलेला खड्डा भरायला काही महिने लागतात. पुन्हा त्याच जागी बसवलेल्या इम्प्लांटचं यश पहिल्यापेक्षा थोडं कमी असतं, तरी बहुतेकांचा टिकतो. तोवर शेजारच्या दातांना धरून तात्पुरता दात लावून देता येतो, तो पहिल्या भेटीतच मागून घ्यावा.